वाचकांचे प्रश्न : प्रोसेसची हवी तेवढीच माहिती कशी मागवावी?

गेल्या काही आठवड्यांत आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे आहेत. पायथनमधील ‘पीएसयुटिल’ ही लायब्ररी वापरून यंत्रावर लक्ष ठेवणारे छोटे-मोठे प्रोग्रॅम अनेकजण लिहितात, आणि तिच्याकडून येणाऱ्या आकड्यांच्या ढिगातून आपल्याला हवे तेवढेच कसे घ्यावेत, असे विचारतात. २००९ पासून उपलब्ध असलेली ही लायब्ररी लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि इतर काही प्रणालींवर एकाच नावांची फंक्शन्स देते. ही सोय मोठी आहे, पण एका नावाआड प्रत्येक प्रणालीवर किती काम दडलेले आहे हे त्यामुळे दिसत नाही, आणि बहुतेक प्रश्नांचे मूळ तिथेच आहे. फंक्शनची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती अर्थातच मूळ लिपीत लिहावी लागतील. उदाहरणे मुख्यतः लिनक्सची घेतली आहेत, कारण तिथे आतला व्यवहार उघडपणे पाहता येतो.

प्रश्न : आमच्या सर्व्हरवर साधारण ३०० प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालू प्रती, सुरू असतात. दर ५ सेकंदांनी त्या सगळ्यांचा आढावा घेणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. तो प्रत्येक प्रोसेसवर ‘ॲज_डिक्ट’, म्हणजे सगळी माहिती एका डिक्शनरीत देणारी पद्धत, चालवतो, मिळालेल्या डिक्शनरीतून नाव आणि मेमरी एवढेच ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. तरीही प्रोसेसरचा सर्वाधिक वापर करणाऱ्यांच्या यादीत हा प्रोग्रॅमच वरच्या क्रमांकावर दिसतो. नको ते टाकून देऊनही फरक का पडत नाही?

उत्तर : तुम्ही टाकून देता तोवर ते मोजण्याचा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, म्हणून. तुमची निवड डिक्शनरी हातात आल्यानंतर सुरू होते. ती डिक्शनरी भरण्याच्या आधी व्हायला हवी.

लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाची एक फाइल सिस्टिम असते. तिच्यातल्या फायली डिस्कवर नसतात. कोणी वाचायला घेतल्या की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या क्षणी त्यांतला मजकूर तयार करून देतो. प्रत्येक प्रोसेसचे तिच्या क्रमांकाने एक फोल्डर असते आणि पीएसयुटिल त्यातल्या फायली उघडून, वाचून, त्यांतल्या ओळी फोडून तुम्हाला आकडे देते. म्हणजे येथे फाइल वाचणे याचा अर्थ कर्नलला हिशेब करायला बसवणे असा आहे, आणि प्रत्येक हिशेब सारखा नसतो. ‘मेमरी_इन्फो’साठी ‘स्टॅटएम’ ही ७ आकड्यांची एक ओळ पुरते. ‘मेमरी_मॅप्स’साठी मात्र ‘एसमॅप्स’ ही फाइल लागते. तिच्यात प्रोसेसच्या मेमरीतल्या प्रत्येक तुकड्यामागे वीसेक ओळी असतात आणि त्या भरण्यासाठी कर्नलला पेज टेबल, म्हणजे मेमरीच्या पानांचा तक्ता, चालून यावे लागते. ‘ओपन_फाइल्स’ मागितले की उघड्या फायलींच्या फोल्डरमधला प्रत्येक दुवा वाचला जातो. ‘नेट_कनेक्शन्स’ मागितले की सॉकेट असलेल्या प्रत्येक प्रोसेससाठी सॉकेटांचे पूर्ण तक्ते पुन्हा पहिल्यापासून वाचले जातात, मग त्या प्रोसेसचे सॉकेट एकच का असेना.

काहीही न सांगता चालवलेल्या ‘ॲज_डिक्ट’मध्ये हे सगळे येते. दर ५ सेकंदांनी म्हणजे मिनिटाला १२ फेऱ्या, आणि ३०० प्रोसेस म्हणजे मिनिटाला ३,६०० वेळा हा सगळा खटाटोप, तोही नाव आणि एका आकड्यासाठी. मोजणाराच मोजमापात वर दिसला, यात नवल नाही.

उपाय एका ओळीचा आहे. आवृत्ती ५.३.० पासून ‘प्रोसेस_इटर’ या फंक्शनला ‘ॲट्र्स’ नावाचा आर्ग्युमेंट देता येतो. त्यात ‘पीआयडी’, ‘नेम’ आणि ‘मेमरी_इन्फो’ अशी यादी द्या. लूपमध्ये येणाऱ्या प्रत्येक प्रोसेसच्या ‘इन्फो’ या डिक्शनरीत तेवढ्याच गोष्टी मिळतील आणि बाकीच्या फायलींना हातही लागणार नाही. ‘ॲज_डिक्ट’लाही अशीच यादी देता येते, त्यामुळे प्रोग्रॅमची सध्याची रचना मोडायची नसेल तर तेही चालेल.

यादी आखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. खर्च मेट्रिकच्या, म्हणजे मागितलेल्या मोजमापांच्या, संख्येवर ठरत नाही. त्या मेट्रिक किती फायलींतून येतात यावर ठरतो. नाव, पालक प्रोसेसचा क्रमांक, स्थिती, टर्मिनल आणि ‘सीपीयू_टाइम्स’ ही सगळी माहिती ‘स्टॅट’ या एकाच फाइलमध्ये असते, आणि यादी देऊन मागवल्यावर पीएसयुटिल ती फाइल एकदाच वाचून तात्पुरती जपून ठेवते. त्यामुळे तुम्ही नाव मागितलेच आहे, तर त्याच्या जोडीला स्थिती आणि सीपीयूचा वेळ मागणे जवळजवळ फुकट आहे. थ्रेडची संख्या, यूजरचे क्रमांक आणि कॉन्टेक्स्ट स्विचची मोजणी ‘स्टेटस’ या दुसऱ्या फाइलमधून येते. तिथले एक घेतले तर बाकीचे फारसे जड जात नाहीत. याउलट तीनच मेट्रिकची दिसायला आटोपशीर यादी ‘मेमरी_फुल_इन्फो’मुळे दहा मेट्रिकच्या यादीपेक्षा महाग ठरू शकते. यादी न देता एकेक पद्धत स्वतंत्रपणे बोलावत असाल, तर ती सगळी बोलावणी ‘वनशॉट’च्या ब्लॉकमध्ये ठेवा, म्हणजे एकदाच वाचण्याचा हाच लाभ तिथेही मिळेल.

प्रश्न : कोणत्या मेट्रिक घ्यायच्या ते मी कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहितो. चाचणीसाठी एकदा तिथल्या सगळ्या ओळी बंद केल्या, तर काहीच येण्याऐवजी सगळेच येऊ लागले. हा दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, पण ठरवलेला संकेत फसवा आहे हे मान्य करावे लागेल. ५.३ ते ६ या आवृत्त्यांमध्ये ‘प्रोसेस_इटर’ला ‘ॲट्र्स’ दिलेच नाही तर ‘इन्फो’ भरलेच जात नाही. रिकामी यादी दिली तर मात्र ‘सगळे हवे’ असा तिचा अर्थ घेतला जातो. ‘ॲज_डिक्ट’ला रिकामी यादी देणे आणि काहीच न देणे या दोन्हींचा अर्थ ‘सगळे’ असाच होतो. तेव्हा कॉन्फिगरेशन वाचल्यानंतर यादी रिकामी आहे का, हे तुमच्या प्रोग्रॅमने स्वतः तपासावे आणि तसे असेल तर स्पष्ट चूक दाखवून थांबावे. यादीऐवजी चुकून नुसती स्ट्रिंग दिली तर टाइपएरर मिळतो, आणि अस्तित्वात नसलेले नाव दिले तर व्हॅल्यूएरर. त्या दोन चुका निदान लपत नाहीत.

प्रश्न : पूर्वी आमचा निरीक्षणाचा प्रोग्रॅम रूट या सर्वाधिकारी खात्यावर चालत असे. सुरक्षेसाठी तो साध्या खात्यावर हलवला आणि त्याच दिवसापासून डिस्कवरील लेखनाचा एकूण आकडा एकदम खाली आला. काही प्रोसेसच्या ‘आयओ_काउंटर्स’मध्ये ‘नन’, म्हणजे पायथनमधली ‘किंमत नाही’ ही खूण, येते, ते मी शून्य धरून बेरीज करतो. सर्व्हरवरचे काम खरोखर कमी झाले असेल का?

उत्तर : कामाबद्दल या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही. कमी झाले आहेत ते तुमच्या प्रोग्रॅमचे अधिकार.

लिनक्सवर दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसची ‘आयओ’ ही फाइल साध्या खात्याला वाचता येत नाही. एकेक पद्धत स्वतंत्रपणे बोलावली असती तर तुम्हाला ‘ॲक्सेस डिनाइड’चा एक्सेप्शन मिळाला असता आणि प्रश्न पहिल्याच दिवशी उघड झाला असता. यादी देऊन माहिती मागवली की मात्र लायब्ररी तो एक्सेप्शन स्वतः गिळते आणि त्या जागी ‘एडी_व्हॅल्यू’ या आर्ग्युमेंटमध्ये सांगितलेली किंमत भरते. ती न सांगितल्यास ‘नन’ असते. एका प्रोसेसने नकार दिला म्हणून उरलेल्या २९९ प्रोसेसचा आढावा थांबू नये, हा त्यामागचा विचार रास्त आहे. परंतु त्या ‘नन’चे शून्य करणे म्हणजे ‘सांगता येत नाही’ याचे ‘काहीच केले नाही’ असे भाषांतर करणे होय, आणि बेरजेत एकदा मिसळल्यावर ते भाषांतर पुन्हा सुटे करता येत नाही.

त्याच जागी आणखी एक गोष्ट येऊन बसते. प्रोसेस संपली आहे पण तिच्या पालकाने तिची नोंद अजून मिटवलेली नाही, अशा झोंबी अवस्थेतल्या प्रोसेसबाबतही ही भरपाईची किंमतच मिळते. फेरी चालू असतानाच जी प्रोसेस पूर्णपणे नाहीशी झाली, ती ‘प्रोसेस_इटर’च्या लूपमध्ये येतच नाही. म्हणजे आकडा न मिळण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिल्या दोन एकसारख्या दिसतात आणि तिसरी दिसतच नाही. पहिल्या दोन वेगळ्या काढायच्या तर यादीत ‘स्टेटस’ ही प्रोसेसची स्थिती सांगणारी मेट्रिक घाला. झोंबी असेल तर ते तिथे कळते, आणि ते, नाव ‘स्टेटस’ असले तरी, ‘स्टॅट’ फाइलमधूनच येत असल्यामुळे त्याचा भारही पडत नाही.

माझा सल्ला असा की ‘नन’ असलेल्या प्रोसेस बेरजेतून वगळाव्यात आणि त्या किती होत्या हा आकडा बेरजेच्या शेजारीच नोंदवावा. ३०० पैकी ८० प्रोसेसचेच उत्तर मिळाले हे आलेखावर दिसत असेल, तर तो आलेख पाहून कोणी चुकीचा निष्कर्ष काढणार नाही. आणि तुम्हाला खरोखर पूर्ण यंत्राचेच लेखन हवे असेल, तर प्रोसेसच्या बेरजेचा हा वळसा घेऊच नका. ‘डिस्क_आयओ_काउंटर्स’ ते थेट देते आणि त्यासाठी विशेष अधिकारही लागत नाहीत.

जाता जाता : हाच प्रोग्रॅम उद्या मॅकओएसवर नेलात तर ‘आयओ_काउंटर्स’ या नावावर व्हॅल्यूएरर येईल, कारण तिथे ही पद्धत उपलब्धच नाही. त्याचप्रमाणे ‘नम_हँडल्स’ फक्त विंडोजवर आहे आणि ‘नम_एफडीज’ विंडोजवर नाही. प्रोग्रॅम सुरू होताना एकदा ‘हॅजॲटर’ने प्रत्येक नाव तपासून घ्यावे आणि जी नावे गळली ती लॉगमध्ये लिहावीत. मुकाट्याने गाळली तर आत्ताचीच गोष्ट पुन्हा घडेल.

प्रश्न : सीपीयू १० टक्क्यांहून जास्त वापरणाऱ्या प्रोसेसची खरी मेमरी, म्हणजे ‘यूएसएस’, मला नोंदवायची आहे. यादीत ‘सीपीयू_परसेंट’ आणि ‘मेमरी_फुल_इन्फो’ घालून, मग टक्क्यांवरून गाळून पाहिले. प्रोग्रॅम संथ चालतो, आणि तो क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीतून दर मिनिटाला नव्याने सुरू होत असल्यामुळे की काय, कधीच काही छापत नाही.

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे. संथपणा आणि कोरे उत्तर ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांतले दुसरे आधी घेऊ.

सीपीयूची टक्केवारी कुठेही लिहून ठेवलेली नसते. कर्नल फक्त त्या प्रोसेसने जन्मापासून किती सीपीयू वेळ खाल्ला एवढेच सांगतो; टक्केवारी काढायला अशा दोन नोंदी आणि त्यांच्यामधले अंतर लागते. म्हणून ‘सीपीयू_परसेंट’चे पहिले उत्तर नेहमी ०.० असते आणि त्याला काही अर्थ नसतो. तुमच्या प्रोग्रॅमला दर वेळी पहिलेच उत्तर मिळते, आणि ०.० ही किंमत १० च्या चाळणीतून कधीच खाली पडणार नाही. एकाच धावेत दोन फेऱ्या घ्या : पहिली फेरी फक्त नोंद सुरू करण्यासाठी, मग एखादा सेकंद थांबा, आणि दुसऱ्या फेरीतले आकडे खरे धरा. दोन बोलावण्यांमध्ये निदान ०.१ सेकंदाचे अंतर असावे असे लायब्ररीच्या माहितीपुस्तिकेतही म्हटले आहे. ‘प्रोसेस_इटर’ प्रोसेसची ऑब्जेक्ट्स आतल्या तक्त्यात जपून ठेवते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत तीच ऑब्जेक्ट्स पुन्हा मिळतात आणि हिशेब जुळतो. फेरीगणिक स्वतःच नवे ‘प्रोसेस’ ऑब्जेक्ट तयार केलेत, तर पुन्हा पहिल्या दिवसावर याल.

आता संथपणा. ‘यूएसएस’ म्हणजे केवळ त्या प्रोसेसच्याच मालकीची मेमरी, अर्थात ती प्रोसेस बंद केली तर मोकळी होईल एवढी. इतरांबरोबर वाटून घेतलेली पाने ‘आरएसएस’मध्ये, म्हणजे प्रोसेसने व्यापलेल्या एकूण मेमरीच्या आकड्यात, प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जातात, म्हणून तुम्ही ‘यूएसएस’ची निवड केलीत हे योग्यच आहे. पण तो आकडा काढायला पेज टेबल चालावे लागते. लिनक्स ४.१४ पासून कर्नल त्याची बेरीज ‘एसमॅप्स_रोलअप’ या वेगळ्या फाइलमध्ये तयार देतो, त्यामुळे ओळी फोडण्याचा वेळ वाचतो. चालण्याचे काम मात्र कर्नलला करावेच लागते. तुम्ही ते ३०० प्रोसेससाठी करवून घेता आणि त्यांतल्या पाच-सहांचेच ठेवता.

म्हणून चाळणी दोन टप्प्यांत लावा. पहिल्या टप्प्यात सगळ्यांसाठी फक्त स्वस्त मेट्रिक मागा : ‘पीआयडी’, ‘नेम’, ‘सीपीयू_परसेंट’. दुसऱ्या फेरीत ज्यांची टक्केवारी १० च्या वर आली, तेवढ्याच ऑब्जेक्ट्सवर ‘मेमरी_फुल_इन्फो’ बोलावा. मधल्या क्षणात एखादी प्रोसेस संपू शकते, म्हणून या दुसऱ्या बोलावण्याभोवती ‘नो सच प्रोसेस’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ हे दोन्ही एक्सेप्शन पकडावे लागतील. येथे लायब्ररी ते तुमच्यासाठी गिळणार नाही. पहिल्या टप्प्यातून नुसते क्रमांक पुढे नेण्याऐवजी ऑब्जेक्टच न्यावे, हे बरे. प्रोसेस संपल्यावर तिचा क्रमांक कर्नल दुसऱ्या कोणाला देऊ शकतो; पीएसयुटिलचे ऑब्जेक्ट क्रमांकाच्या जोडीने जन्मवेळही लक्षात ठेवते, आणि शंका असेल तिथे ‘इज_रनिंग’ विचारून ती तीच प्रोसेस आहे का याची खात्री करता येते.

१० टक्के ही मर्यादा ठरवताना आणखी एक खुलासा हवा. ही टक्केवारी एका कोअरच्या मानाने असते. चार कोअर पूर्ण वापरणारी प्रोसेस ४०० टक्के दाखवील, आणि ते बरोबर आहे. पूर्ण यंत्राच्या मानाने १० टक्के असे तुमच्या मनात असेल तर मिळालेल्या आकड्याला ‘सीपीयू_काउंट’ने भागा.

ज्यांना हे आकडे साठवायचे आहेत त्यांनी खरे तर टक्केवारी मागूच नये, असे माझे मत आहे. ‘सीपीयू_परसेंट’ मागची नोंद ऑब्जेक्टच्या पोटात ठेवते. प्रोग्रॅमच्या दोन भागांनी एकाच ऑब्जेक्टला आलटून पालटून विचारले, तर प्रत्येकाला दुसऱ्याने कापलेले अंतर मिळते आणि दोघांचेही आकडे उड्या मारू लागतात. ‘सीपीयू_टाइम्स’ साठवा. वजाबाकी नंतर कोणत्याही अंतराने करता येते.

प्रश्न : मला फक्त एका नेटवर्क कार्डाचे आणि दोन डिस्कचे आकडे हवे आहेत, पण ‘नेट_आयओ_काउंटर्स’ आणि ‘डिस्क_आयओ_काउंटर्स’ यांना नावांची यादी देण्याची सोयच दिसत नाही. येथे काय करावे?

उत्तर : येथे मागाहून गाळले तरी चालते. सर्व नेटवर्क कार्डांची मोजणी कर्नल एकाच फाइलमध्ये एकत्र देतो. ‘परनिक’ हा आर्ग्युमेंट ‘ट्रू’ करून मिळालेल्या डिक्शनरीतून हवे ते नाव उचलणे हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यात वाया जाण्यासारखे फार काही नाही. आधी गाळण्याचा आग्रह जिथे प्रत्येक नावामागे वेगळे काम करावे लागते तिथेच धरावा. ‘परनिक’ न देता मिळालेल्या बेरजेत लूपबॅक आणि कंटेनरांची आभासी कार्डेही असतात, एवढे मात्र विसरू नका. तीच बाइट्स दोनदा मोजली गेल्याचे दिसते ते त्यामुळे.

डिस्कबाबत दोन खड्डे आहेत. ‘परडिस्क’ने मिळणाऱ्या डिक्शनरीत लिनक्सवर पूर्ण डिस्क आणि तिची पार्टिशने यांच्या नोंदी शेजारी-शेजारी येतात. पार्टिशनवर लिहिलेले पूर्ण डिस्कच्या खात्यातही धरलेले असते, त्यामुळे सगळ्या किमतींची बेरीज केली तर आकडा फुगतो. ‘परडिस्क’ न मागता मिळणारी बेरीज काढताना लायब्ररी पार्टिशने स्वतः वगळते. नावाने निवड करत असाल तर ‘एसडीए’ हवे की ‘एसडीए१’, हे आधी ठरवा आणि दोन्ही एकाच बेरजेत घालू नका.

दुसरा खड्डा अधिक खोल आहे. ‘डिस्क_युसेज’ हे फंक्शन दिलेल्या मार्गावरील फाइल सिस्टिमला प्रत्यक्ष विचारते, आणि तो मार्ग बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हचा असेल तर उत्तर येईपर्यंत तुमचा प्रोग्रॅम तिथेच अडकून राहतो. येथे मागाहून गाळण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण गाळण्याची वेळच येत नाही. म्हणून ‘डिस्क_पार्टिशन्स’कडून मिळणारा ‘एफएसटाइप’ आधी पाहावा, नेटवर्कवरच्या प्रकारांना वगळावे, आणि उरलेल्या मार्गांवरच ‘डिस्क_युसेज’ बोलवावे.

प्रश्न : ‘नको त्यांची यादी’ ठेवणे बरे की ‘हव्या त्यांची यादी’ ठेवणे? आमच्याकडे दोन्ही बाजूंनी बोलणारे आहेत.

उत्तर : माझे उत्तर ‘हव्या त्यांची’ असेच आहे, आणि त्यासाठी पीएसयुटिलमधलेच एक उदाहरण देतो. प्रोसेसची नेटवर्क जोडणी सांगणारी पद्धत पूर्वी ‘कनेक्शन्स’ या नावाने होती, आवृत्ती ६.० मध्ये तिचे नाव ‘नेट_कनेक्शन्स’ असे बदलले. ज्यांच्या नको त्या यादीत ‘कनेक्शन्स’ होते, त्यांच्या प्रोग्रॅमने नव्या आवृत्तीत जुने नाव इमाने-इतबारे अडवले आणि तीच महाग माहिती नव्या नावाने आत घेतली. कुठे चूक दिसली नाही, फक्त यंत्र हळू झाले. हव्या त्यांच्या यादीत जुने नाव असते, तर ज्या दिवशी ते कायमचे काढले जाईल त्या दिवशी प्रोग्रॅम मोठ्याने ओरडला असता.

वेगाहून मोठे कारण गोपनीयतेचे आहे. ‘एन्व्हायरन’मध्ये त्या प्रोसेसचे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतात आणि डेटाबेसचे पासवर्ड, सेवांच्या चाव्या ठेवण्याची ती रूढ जागा आहे. ‘सीएमडीलाइन’मध्येही कमांडच्या ओघात लिहिलेला पासवर्ड सापडतो. रूट म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमने काही न निवडता ‘ॲज_डिक्ट’ मागितले आणि ते जसेच्या तसे मध्यवर्ती लॉगमध्ये पाठवले, तर त्या लॉगला हात लावू शकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्या चाव्या जातात. ‘सीएमडीलाइन’ हवीच असेल तर ती यंत्राबाहेर पाठवण्याआधी तिच्यातले आर्ग्युमेंट कापून फक्त पहिला शब्द ठेवावा.

प्रश्न : आम्ही पायथनऐवजी प्रोमिथियस या निरीक्षण प्रणालीचा, यंत्राचे आकडे पुरवणारा ‘नोड एक्स्पोर्टर’ वापरतो. नको त्या मेट्रिक ‘मेट्रिक_रिलेबल_कॉन्फिग्ज’मधून ‘ड्रॉप’ केल्या आहेत. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : साठवणुकीपुरते आहे. ‘ड्रॉप’ हा नियम प्रोमिथियसच्या बाजूला, माहिती ओढून आणल्यानंतर आणि साठवण्याआधी लागू होतो. लक्ष्य यंत्रावर ती मोजली गेलेली असते आणि नेटवर्कवरून आलेलीही असते. एखाद्या कलेक्टरमधले, म्हणजे एका विषयाच्या मेट्रिक गोळा करणाऱ्या भागातले, काहीच नको असेल तर तो कलेक्टर एक्स्पोर्टर सुरू करतानाच ‘नो-कलेक्टर’च्या पर्यायाने बंद करा, किंवा ‘डिसेबल-डिफॉल्ट्स’ लावून हवे तेवढेच चालू करा. एकाच यंत्राला दोन वेगवेगळ्या अंतरांनी विचारायचे असेल, तर विनंतीच्या पत्त्यात ‘कलेक्ट’ हा पॅरामीटर देऊन त्या वेळेपुरते कलेक्टर निवडता येतात. कलेक्टर हवा आहे पण त्यातल्या दोन-चार मेट्रिक नकोत, एवढ्यासाठी ‘ड्रॉप’ ठेवावा.

जावामध्ये मायक्रोमीटर ही मेट्रिक गोळा करणारी लायब्ररी वापरणाऱ्या दुसऱ्या वाचकांनी हेच विचारले होते. तिथे ‘मीटर फिल्टर’ लावता येतात, पण ते ज्या क्रमाने नोंदवले त्या क्रमाने तपासले जातात आणि पहिला स्पष्ट होकार वा नकार अंतिम ठरतो. तेव्हा आधी हव्या त्यांना होकार देणारे फिल्टर आणि शेवटी सर्वांना नकार देणारा, असा क्रम ठेवा. उलटा ठेवला तर काहीच येणार नाही. फिल्टर मीटर तयार होण्याच्या आधी नोंदवलेले असावेत, हेही तितकेच आवश्यक.

प्रश्न : यादी लहान केल्याने खरोखर किती फरक पडला, हे कसे मोजावे? ‘टॉप’मधला आकडा सारखा हलत राहतो.

उत्तर : लायब्ररीकडूनच तिचा हिशेब घ्या. आर्ग्युमेंट न देता ‘प्रोसेस’चे ऑब्जेक्ट तयार केले की ते तुमच्याच प्रोग्रॅमचे असते. १०० फेऱ्यांच्या आधी आणि नंतर त्याचे ‘सीपीयू_टाइम्स’ घ्या आणि ‘युजर’ व ‘सिस्टिम’ या दोन्हींची वजाबाकी वेगवेगळी पाहा. जुनी यादी आणि नवी यादी एकाच यंत्रावर, लागोपाठ चालवून तुलना करा. ‘सिस्टिम’चा भाग मोठा असेल तर कर्नलला जड जाणारी मेट्रिक अजून यादीत आहे, आणि पहिला संशय ‘मेमरी_फुल_इन्फो’ वा ‘मेमरी_मॅप्स’वर घ्यावा, ‘युजर’चा भाग मोठा असेल तर वाचलेला मजकूर फोडण्यात पायथनचा वेळ जातो आहे.

याहून जवळून पाहायचे असेल तर सिस्टिम कॉल मोजणारे ‘एसट्रेस’ हे साधन ‘सी’ या पर्यायासह एकाच फेरीवर चालवा आणि ‘ओपनॲट’ किती वेळा झाले तो आकडा पाहा. पायथन सुरू होतानाच बऱ्याच फायली उघडते, म्हणून एकदा रिकाम्या लूपसह मोजून तेवढे वजा करावे. उरलेल्या आकड्याला प्रोसेसच्या संख्येने भागले की एका प्रोसेसमागे किती फायली उघडल्या ते कळते. यादीत फक्त ‘स्टॅट’मधल्या मेट्रिक असतील तर हा भागाकार एक-दोनच्या आसपास यावा, लिनक्स प्रोसेसचे नाव १५ अक्षरांवर कापतो आणि नाव त्या मर्यादेला टेकले असेल तर ते पूर्ण करण्यासाठी पीएसयुटिलला ‘सीएमडीलाइन’ही उघडावी लागते, म्हणून तो नेमका एक येत नाही.